आडव्या बाटलीपासून सुरुवात

लोकसहभागाचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं नव्या विद्यार्थ्यांनी विचारलं की मी राज्यघटनेआधी त्यांच्या हातात एक मतपत्रिका ठेवतो. तिच्यावर कुणा उमेदवाराचं नाव नसतं. दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करायचं तर निदान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान. निम्म्याहून अधिक बायकांनी बाटली आडवी केली की दुकान बंद.

निम्म्याहून अधिक, पण कशाच्या? इथे जरा थांबा. या विषयाचं मर्म मला याच प्रश्नात दिसतं. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार हिशेब धरायचा तो यादीतल्या एकूण नावांचा. यादीत 1,000 बायका असल्या, 600 मतदानाला आल्या आणि त्यांतल्या 490 जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच राहतं. ऊसतोडीला गेलेली, सासरी गेली पण नाव माहेरच्या यादीत राहिलेली, वारलेली, अशा सगळ्यांची न दिलेली मतं उभ्या बाटलीच्या पदरात पडतात. त्यामुळे निम्मा निकाल मतदारयादीच्या दुरुस्तीतच लागून जातो. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते तसं का वाटतं हे नेमकं मांडता येणं म्हणजे या अभ्यासात पाऊल पडणं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने दुसरीच रीत धरली. तिथे ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहते. शिवाय अभ्यासगट वेगळा: तिथे माहिती घ्यायची, शंका काढायच्या, निर्णय मात्र ग्रामसभेतच. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, आणि 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात, म्हणून भांडण पुढे चाललं. 2011 मध्ये परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेकडे आलं. हक्काचा कागद मिळाला तरी तो वापरायला आणखी एक कागद लागतो, हे गावाने जगून दाखवलं.

73 वी घटनादुरुस्ती, माहितीचा अधिकार, जनसुनावणी यांची चर्चा पुढच्या पानांत सविस्तर आहेच. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असा, शिक्षक असा की पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेल्या ताई, इथे तुमचं मनापासून स्वागत. एकच विनंती: वाचन सुरू करण्याआधी आपल्या किंवा जवळच्या गावच्या एका ग्रामसभेत मागे जाऊन बसा. कोण सतरंजीवर बसलं, कोण दारातच उभं राहिलं, ते पाहा. आणि रजिस्टर फिरेल तेव्हा लक्ष ठेवा, सह्या ठराव वाचून दाखवल्यावर घेतल्या की आधीच.