तुरुंगातला एचआयव्ही आणि आपले सोवळे

"जेलात त बाया नाई राहात, मंग तिथं एड्स कुठून येईन?" चांदूर बाजार तालुक्यातल्या एका बैठकीत हा प्रश्न आला आणि सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही. कारण याच समजुतीवर या देशाने कैद्यांचा बचाव वर्षानुवर्षे अडवून धरला.

इतिहास पाहा. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातला पहिला एचआयव्ही संसर्ग शोधला. तपासलेल्यांत देहविक्रीच्या आरोपाखाली पकडून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे या आजाराचे आणि कोठडीचे नाते पहिल्या नोंदीपासूनचे आहे.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले आणि संसर्ग उघड झाला. गुन्हा काहीच नव्हता. तरीही गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला ६४ दिवस पोलीस पहाऱ्यात डांबले. त्याची आई ल्युसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयाने अशा विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. आजाराला गुन्हा मानायची रीत इथेच पक्की झाली.

मग १९९४. तिहार तुरुंगात कंडोम द्यावेत, अशी शिफारस झाली. तत्कालीन महानिरीक्षक किरण बेदी यांनी नकार दिला. कंडोम दिले तर समलिंगी संबंधांना उत्तेजन मिळेल, हा युक्तिवाद होता. त्यामागे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ उभे होते. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेने त्या कलमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ती याचिका २००१ मध्ये निकाली निघाली, तीही सुनावणीअभावी. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरून ते कलम हटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

हा सोवळेपणा आंबेडकरी माणसाला नवा नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण लैंगिक ज्ञान लपवणे म्हणजे नीती नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात उभे राहून मांडली होती.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ३१ राज्याच्या ताब्यातील प्रत्येकाला, कच्च्या कैद्यालाही, प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचारांचा हक्क देते. संसर्ग टाळण्यासाठी कंडोम किंवा स्वच्छ सुई देणे गुन्हा नाही, हे कलम २२ सांगते. मग अडते कुठे? 'आमच्या तुरुंगात असले काही होत नाही' या उत्तरावर अडते. कोंबून भरलेल्या बराकी, एकाच सुईने गोंदणे, एकाच ब्लेडने दाढी, नशेची सामायिक सुई, जबरदस्तीचे संबंध, हे मान्य केले तर उपाय करावे लागतील. त्यापेक्षा नाकारणे सोपे.

आणि आत आहे कोण? देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोष अजून सिद्ध न झालेले. त्यांत दलित, आदिवासी, मुस्लिम यांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्याहून जास्त. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते थेट ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. ज्या व्यवस्थेने कैद्याच्या हाती जात पाहून झाडू दिला, ती त्याच्या रक्ताची काळजी आपणहून घेईल, या भ्रमात आम्ही नाही.

जामीन झाला की कैदी अमरावतीहून एसटीने घरीच येतो, आपल्या वस्तीत, आपल्या बायकोजवळ. म्हणून संमतीने आणि गुप्तता राखून तपासणी, कंडोम, बदली किंवा सुटका झाली तरी न तुटणारा औषधांचा पुरवठा, या मागण्या दयेच्या नाहीत. कायद्याने दिलेल्या हक्काच्या आहेत.

पुढच्या बैठकीत तो प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा हसू नका, उत्तर द्या.

जय भीम!