सूर्य, कोळसा आणि पाद्री हिमालय

पालघर जिल्ह्याच्या नकाशावरची दोन टोके पाहू. पश्चिमेला समुद्रालगतची वसई. तेथील ख्रिस्ती समाज शेकडो वर्षे शेती-बागायत करत आला. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. साखरशेतच्या या मुलखात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढण चढणाऱ्या बायका हे नेहमीचे दृश्य. ऊर्जेचा प्रश्न केवळ यंत्रांचा, की न्यायाचाही? थोडा इतिहास तपासू.

सूर्यापासून काम करून घेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या मुंबईतच झाला. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून त्यांचे ऊन बाष्पकावर पाडले आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. त्याच्या सूर्यचुलीत सात सैनिकांचे जेवण जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजले. उष्ण देशांत सूर्यच इंधनाची जागा घेऊ शकेल, असे सांगणारे त्याचे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रयत्न एका धर्मगुरूचा. पोर्तुगालमधील मानुएल आंतोनियो गोमिश (१८६८–१९३३) इतके उंच होते की सहाध्यायी त्यांना ‘हिमालय’ म्हणू लागले. त्यांनीही ते नाव स्वीकारले. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी सहा हजारांहून अधिक छोट्या आरशांची सौरभट्टी मांडली. तिचे तापमान सुमारे ३५०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एवढी उष्णता कशासाठी? हवेतील नायट्रोजन बांधून शेतीसाठी खत बनवावे, हा त्यांचा हेतू होता.

येथे विद्यार्थ्यांना उष्णता आणि तापमान यांतला फरक दाखवता येईल. भर उन्हात एक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट सौरशक्ती पडते. भट्टीचे आरसे सुमारे ८० चौरस मीटरचे. म्हणजे मिळणारी शक्ती फार तर ८० किलोवॅट. आरसे ऊर्जा निर्माण करत नाहीत. विखुरलेले ऊन ते लहानशा जागी एकवटतात, म्हणून तेथील तापमान चढते.

तरीही दोन्ही प्रयत्न मागे पडले. कोळसा आणि पुढे तेल स्वस्त होते, रात्री व पावसातही जळत होते. मात्र त्या स्वस्ताईत धुराची, बिघडलेल्या हवामानाची आणि पुढच्या पिढ्यांच्या नुकसानीची किंमत धरलेली नव्हती. ती कोणी भरायची, हे विज्ञान एकटे ठरवू शकत नाही. धर्मविचाराचा संबंध येतो तो इथे.

१९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ख्रिस्ती परंपरेवरच बोट ठेवले. मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली आहे, या बायबलमधील कल्पनेने निसर्गाच्या लुटीला बळ दिले, असा त्यांचा आरोप होता. पण त्याच परंपरेतील असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते मानावे, असेही त्यांनी सुचवले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणा केली. बायबलमध्येच माणसाने बाग राखावी, असेही सांगितले आहे. ‘सत्ता’ की ‘राखण’, हा वाद असा त्या परंपरेच्या आतलाच आहे.

२००८ साली व्हॅटिकनमधील एका सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौरपट्ट बसवले गेले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रात कोळसा, तेल आणि वायू यांची जागा विनाविलंब दुसऱ्या साधनांनी घेतली पाहिजे, असे म्हटले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यांनी एकत्रच ऐकला. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी ‘हरित वसई’ चळवळीचे नेतृत्व केले. तो लढा विजेचा नव्हता. पाण्याचा, झाडांचा आणि शेतजमिनीचा होता. भूमिका मात्र राखणदाराचीच.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. ज्यांच्या डोंगरातून ते जाते, त्यांच्या घरी मात्र लाकडाची चूल. सूर्यचूल दुपारी चालते. पहाटेच्या भाकरीला आणि पावसाळ्याला दुसरी सोय लागते. म्हणून एकच यंत्र सर्वांवर लादून भागणार नाही. वर्गात हिशेब मांडून पाहावा: आपल्या घरी सरपण कोण आणते, किती अंतरावरून, दिवसाचे किती तास? या तासांचा आकडा फळ्यावर लिहिला, की इंधनाची खरी किंमत मोजायला सुरुवात होईल.