अजिंठा रांगेतील वाघ : एक वंशेतिहास

जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेलगतच्या अजिंठा रांगेत एकेकाळी वाघांचा वावर होता. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास अजिंठ्याची लेणी दिसली, ती वाघाच्या शिकारीवर असताना. पुढे या रांगेतून वाघ नाहीसा झाला. या लोपाचा अर्थ केवळ संख्येवरून लागत नाही. २०१३ मध्ये मोंडल, ब्रूफोर्ड व रामकृष्णन यांनी संग्रहालयांतील जुन्या भारतीय वाघांच्या अवशेषांशी आजच्या वाघांची तुलना केली. मातृवंशाने उतरणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत आढळले, त्यांपैकी ९३ टक्के आजच्या वाघांत सापडले नाहीत; शिवाय वाघांचे समूहही परस्परांपासून अधिक विलग झालेले दिसले. संख्या पुन्हा वाढविता येते. लोपलेला वंशप्रकार परत येत नाही.

२०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक नर वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला; २०२१ मध्ये गौताळ्यातही वाघ आढळला. या दोन अरण्यांना जोडणारा दुवा म्हणजे हीच डोंगररांग होय. तथापि नराकडून मातृवंश पुढे जात नाही. ज्या वाटेने नर आला त्या वाटेने मादीही येऊ शकेल, तेव्हाच येथील खंडित वंशेतिहास पुन्हा सुरू होईल. त्यासाठी रांगेवरील झाडोरा अखंड राहिला पाहिजे.