साडेतीन टक्क्यांची गोष्ट

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावला आणि तेव्हापासून आपल्या गावात कट्ट्याकट्ट्यावर अर्थतज्ज्ञ बसलेत. एक म्हणतो, व्यापार मोकळाच हवा. दुसरा म्हणतो, आपणही जकात वाढवा, म्हणजे आपल्या पोरांच्या हाताला काम मिळेल. दोघांनाही मुंबईच्या गिरण्यांची एक जुनी गोष्ट सांगायची आहे. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

कावसजी दावर यांची सूतगिरणी मुंबईत १८५६ साली सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि मँचेस्टरच्या डोळ्यांत खुपू लागल्या. त्या वेळी विलायती कापडावर ५ टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के जकात होती. ती काही आपल्या गिरण्या जगवायला लावलेली नव्हती, सरकारी तिजोरी भरायला होती. तरी मँचेस्टरचे व्यापारी ओरडू लागले की, हा मुक्त व्यापाराचा भंग आहे! मग १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटनने आपल्याच कौन्सिलच्या बहुमताला बाजूला सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात काढली. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, साताऱ्याची गावं ओस पडली होती, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. तिजोरीला पै-पै हवी असताना हे चाललं होतं. १८८२ मध्ये रिपनच्या काळात उरलेली जकातही गेली.

खरी गंमत पुढे आहे. १८९४ मध्ये रुपया घसरला, सरकारला पैसा कमी पडला आणि आयातीवर पुन्हा जकात बसवावी लागली. पण मँचेस्टरला दुखवायचं कसं? म्हणून विलायती कापडावर जकात लावली, तेव्हाच इथल्या गिरण्यांच्या मालावरही कर लावला. १८९६ मध्ये हिशोब चोख केला: बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के, तर इथे गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के. आपल्या गिरण्यांचा बराचसा माल जाडाभरडा, गोरगरिबांनी नेसायचा. मँचेस्टरचा भर तलम मालावर. म्हणजे बऱ्याच कापडात स्पर्धाच नव्हती, तरी कर होताच. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडते, कारण खलनायक गोरा आहे. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताची खादी घालून गेले, ते आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण गिरणीच्या आत काय चाललं होतं?

आत सहा-सात वर्षांची पोरं राबत होती. कामाचे तास उजेड असेपर्यंत. याविरुद्ध विलायतेत आवाज उठला, त्यात लँकेशायरचे गिरणीमालकही होते. त्यांना आपल्या पोरांचा कळवळा नव्हता. इथली मजुरी महाग झाली तर त्यांचा माल खपणार होता. आपले मालक म्हणाले, हा स्वदेशी धंदा बुडवायचा डाव आहे. दोघांचंही खरं होतं! १८८१ चा कायदा आला, सात वर्षांखालच्या पोरांना कामावर बंदी झाली. नारायण मेघाजी लोखंडे या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. डाव कुणाचा आहे याच्या वादात न अडकता त्यांनी कामगारांना एकत्र केलं, आणि १८९० मध्ये मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली.

आता या साडेतीन टक्क्यांचा शेवट ऐका. १९२५ मध्ये मंदी होती. मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सरकारने कापडावरचा कर काढला तर कपात मागे घेऊ, असंही सांगितलं. सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून बाहेर राहिले. कित्येक जण गावी परतले, कोकणात, घाटावर. डिसेंबरच्या सुरुवातीला व्हाइसरॉयने कर स्थगित केला, कपात मागे गेली. तीस वर्षं सभा, ठराव आणि अर्जांनी जे झालं नाही, ते कामगारांनी उपाशी राहून करून दाखवलं.

कर गेला, मालक सुटले. मग कामगारांना काय मिळालं? तीन वर्षांच्या आत मालकांनी नवी योजना आणली. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायचे. म्हणजे माणसं कमी. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद पडल्या. गिरणी कामगार युनियन त्याच संपातून उभी राहिली.

तोवर जपानी कापड बाजारात घुसलं होतं. १९३३ मध्ये ब्रिटनबाहेरच्या कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत गेली. एवढं संरक्षण मँचेस्टरच्या राज्यात कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल. तरी मजुरी कापायचं थांबलं नाही, आणि १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला.

त्याआधी १२ डिसेंबर १९३० ला आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. तो गिरणी कामगार होता. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या वतीने होमी मोदींनी लँकेशायरच्या क्लेअर-लीसबरोबर करार केला. त्यात विलायती कापडाला जकातीत सवलत द्यायचं ठरलं.