उसना कायदा आणि आपली हवा

आपल्या देशातील कायद्यांचा मोठा भाग परदेशी साच्यातून घडलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. १८६० ची दंडसंहिता इंग्रजांनी येथे आणली आणि ती रुजली. कारण तिच्याबरोबर न्यायालये, फौजदार आणि तुरुंगही आले. हवेच्या प्रदूषणाविषयीच्या कायद्यांची कथा मात्र निराळी आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत या बाबतीत आपण परदेशाकडून बरेच काही घेतले. शब्द घेतले, मानके घेतली, कलमेही घेतली. परंतु ज्या तरतुदींमुळे ते कायदे तेथे प्रभावी ठरले, त्या बहुधा वाटेतच गळून पडल्या. जेथे त्या गळल्या नाहीत, तेथे आपल्याकडेही फळ मिळाले. या विधानाचा इतिहासात पडताळा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ इंग्लंडपासून करणे सोयीचे होईल. तेथे मिठापासून सोडा बनविणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ धुराड्यांतून बाहेर सोडीत आणि आसपासची शेते व झाडे करपून जात. नुकसान जमीनदारांचे होत असल्याने संसदेने तक्रारीकडे लवकर कान दिला आणि १८६३ साली ‘अल्कली’ कायदा संमत झाला. आम्लवायूचा ९५ टक्के भाग कारखान्यातच शोषून घेतला पाहिजे, अशी सक्ती त्याने केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही सक्ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी त्याने मध्यवर्ती सरकारचा निरीक्षक नेमला. गावातील कारखानदारांच्या मर्जीवर अवलंबून नसलेला हा अधिकारी होता रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ. तो मोजमाप करी, मालकांना उपाय समजावून देई आणि आपले अहवाल सादर करी. ‘आम्लपर्जन्य’ ही संज्ञा त्याच्याच १८७२ च्या ग्रंथामुळे प्रचारात आली. अंक, मुदत आणि मोजणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा कायद्याला बळ आले.

भारतात धुराविषयीचे कायदे इंग्रजी अमदानीतच आले. कोलकात्यासाठी १९०५ साली आणि मुंबईसाठी १९१२ साली धूर-उपद्रव कायदे झाले. गिरण्यांच्या व कारखान्यांच्या भट्ट्यांतून निघणारा काळा धूर हे त्यांचे लक्ष्य होते. या कामासाठी आयोग आणि निरीक्षकही नेमले गेले. मात्र काळा दिसणारा धूर तेवढा गुन्हा ठरला; न दिसणारा वायू या कायद्यांच्या दृष्टीस पडलाच नाही. खासगी घरातील चूल आणि प्रेतदहनाची चिता या दोहोंना भट्टीच्या व्याख्येतून वगळण्यात आले. चितेविषयीची सवलत धार्मिक भावनेचा मान राखणारी होती, हे समजण्यासारखे आहे. परंतु चुलीला सवलत देताना तिच्यासमोर बसणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांचा विचार कोणी केला नाही. हा साचा पुढे फार काळ टिकला. स्वतंत्र राज्य झाल्यावर गुजरातने १९६३ साली स्वतःचा कायदा केला, तोही याच धूर-उपद्रवाच्या नावाने.

दरम्यान लंडनमध्ये मोठा अनर्थ घडून गेला होता. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत शहरावर कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे दाट धुरके बसले. त्या काळच्या सरकारी हिशेबाने सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकार प्रथम टाळाटाळच करीत होते. अखेर १९५३ मध्ये ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९५४ मध्ये तिचा अहवाल आला आणि जुलै १९५६ मध्ये ‘स्वच्छ हवा कायदा’ झाला. हा कायदा थेट घरातील शेगडीपर्यंत पोहोचला. नगरपालिकांना धूरमुक्त विभाग जाहीर करण्याचा अधिकार मिळाला आणि त्या विभागात साधा दगडी कोळसा जाळणे बेकायदा ठरले. परंतु जुनी शेगडी काढून नवी बसविण्याचा जो वाजवी खर्च येईल, त्याचे सात-दशांश घरमालकाला परत मिळतील, अशी तजवीजही त्याच कायद्यात होती. बंदी आणि मदत यांचा हा जोड नसता, तर मजुराच्या घरातली शेगडी बदलली नसती.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. श्रीमंत देशांना हे परवडते, आपल्यासारख्या विकसनशील देशाला कसे परवडावे? परंतु १९५२ चा ब्रिटन आजच्याइतका संपन्न नव्हता. युद्धाच्या कर्जाखाली तो दबलेला होता, अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते. चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होई आणि घरोघरी हलक्या प्रतीचा कोळसा जळे. शिवाय सुधारणा एका रात्रीत झाली नाही. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा धुरके उतरले आणि पुन्हा शेकडो माणसे गेली. विभागामागून विभाग धूरमुक्त करीत जाण्याचे काम मात्र थांबले नाही.

अमेरिकेचे उदाहरण निराळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्याने हवेची मानके केवळ लोकांच्या आरोग्याच्या आधारे ठरवावीत, उद्योगाच्या खर्चाच्या नव्हे, असे तत्त्व घातले. मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी घटविण्याची सक्ती केली, आणि तीही त्यासाठीचे तंत्र बाजारात पुरते तयार नसताना. मुदत पुढे ढकलली गेली खरी, परंतु १९७५ च्या मोटारींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आले. मानक न गाठणाऱ्या प्रदेशांना १९७७ च्या दुरुस्तीने ‘नॉन-अटेनमेंट’ असे नाव दिले. ज्या राज्याने सुधारणेची योजना आखण्यात हयगय केली, त्याचा महामार्गांसाठीचा केंद्रीय निधी रोखण्याची तरतूदही तेव्हाच आली. शिवाय साठ दिवसांची सूचना देऊन कोणाही नागरिकाला प्रदूषकावर, आणि कर्तव्य चुकलेल्या सरकारी खात्यावरही, दिवाणी दावा लावता येऊ लागला.

आता आपल्या कायद्याकडे वळू. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली आणि पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे गेल्या. १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाच्या प्रास्ताविकेतच या परिषदेचा उल्लेख आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळे, कारखान्यांना संमतिपत्रे, नियंत्रण क्षेत्रे असा सारा सांगाडा त्यात आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि नागरिकालाही साठ दिवसांची सूचना देऊन न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क मिळाला. अमेरिकन कायद्यातील आणि या कायद्यातील साठ दिवसांचे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. मात्र तेथे दिवाणी दावा, वकिलाच्या खर्चाची भरपाई आणि प्रदूषण थांबविण्याचा हुकूम मिळण्याची वाट होती. येथे मिळाली ती दंडाधिकाऱ्यापुढची फौजदारी तक्रार. धुराड्यातील वायूचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घेतला असेल तरच पुराव्यात ग्राह्य. आणि मंडळाजवळचे अहवाल मागितले, तर सार्वजनिक हिताला बाधक म्हणून ते नाकारण्याची मुभा मंडळाला. दार उघडले, पण उंबरठा इतका उंच ठेवला की सामान्य माणसाने तो ओलांडूच नये. पुढे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या अधिनियमातील बहुतेक अपराधांची कैद काढून त्याजागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. क्वचितच होणाऱ्या कैदेपेक्षा खात्रीने होणारा दंड बरा, हे मान्य केले तरी खात्रीने दंड करणारी मंडळे हवीतच.

‘नॉन-अटेनमेंट’ या शब्दाचा प्रवास तर याहून बोलका आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ वायु कार्यक्रम जाहीर केला. राष्ट्रीय मानक सतत ओलांडणाऱ्या १०२ शहरांची यादी झाली आणि तिला हेच अमेरिकन नाव मिळाले. आपल्या वाचकांना जवळची असणारी इंदूर, ग्वाल्हेर, देवास, उज्जैन आणि हैदराबाद ही नगरे त्या पहिल्या यादीत होती. यादी पुढे १३१ शहरांपर्यंत वाढली व तीत वडोदराही आले. नाव आले, त्या नावामागची जरब मात्र आली नाही. हा कार्यक्रम म्हणजे कायदा नव्हे. २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट होते, पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे झाले. परंतु ते न गाठल्यास कोणाला जाब द्यावा लागेल, हे कोठेही लिहिलेले नाही. पंधराव्या वित्त आयोगाने मोठ्या शहरांच्या अनुदानाचा काही भाग हवेच्या सुधारणेशी जोडला, हे स्वागतार्ह होते. पण मोजणीचा भर मोठ्या धूलिकणांवर राहिल्यामुळे निधीचा बराच भाग रस्ते झाडण्यात आणि पाणी शिंपडण्यात गेला; फुप्फुसांत खोल उतरणारे, धुरातून येणारे सूक्ष्म कण दुय्यम ठरले. इंदूरने २०२३ च्या स्वच्छ वायु सर्वेक्षणात मोठ्या शहरांत पहिला क्रमांक मिळविला, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु तेथील गुणांचा मोठा भाग केलेल्या उपाययोजनांना मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

याउलट जेथे मुदत आणि जरब दोन्ही आली, तेथे काय घडले? एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील सर्व बसगाड्या सीएनजीवर आणण्याची तारीख ठरवून दिली. तारीख टळली, वाद झाले, प्रवाशांचे हालही झाले. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेलवर धावणाऱ्या प्रत्येक बसला रोजचा दंड लावला, आणि त्या वर्षअखेरीस शहराच्या बससेवेतून डिझेल जवळजवळ नाहीसे झाले. युरोपच्या मानकांवरून घेतलेल्या ‘भारत स्टेज’ नियमांचेही तसेच. पाचवी पायरी वगळून सरळ सहावी गाठण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. १ एप्रिल २०२० पासून तो देशभर लागू झाला आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. जुन्या मानकाची वाहने त्या दिवसानंतर विकता येणार नाहीत, हे न्यायालयाने २०१८ मध्येच बजावले होते. कारखानदारांनी आणि तेलकंपन्यांनी खर्च केला, कारण पळवाट उरली नव्हती.

औष्णिक वीजकेंद्रांनी मात्र पळवाट शोधली. त्यांच्यासाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली आणि दोन वर्षांची मुदत दिली गेली. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हे त्यासाठी दिलेले एक कारण आहे आणि ते सर्वस्वी पोकळ नाही. परंतु दहा वर्षे मुदतवाढ देऊन शेवटी माफी दिली, की पुढच्या प्रत्येक मुदतीचा अर्थ लोक काय लावतील, हे सांगायला नको.

परकीय कल्पना आपल्या मातीत नीट लावली तर काय होते, याचा दाखला सुरतेने दिला आहे. उत्सर्जनाचे परवाने बाजारात विकण्याची पद्धत अमेरिकेने १९९० च्या कायद्याने गंधकाच्या वायूसाठी आणली होती. गुजरातच्या मंडळाने २०१९ मध्ये ती सुरतेच्या कारखान्यांतील धूलिकणांसाठी वापरली. प्रथम प्रत्येक धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रे बसविली, एकूण मर्यादा ठरविली, आणि परवान्यापेक्षा अधिक धूर सोडणाऱ्याची आगाऊ ठेव कापून घेण्याची व्यवस्था केली. या योजनेतील कारखान्यांचे उत्सर्जन इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात दिसून आले. यात उसनी होती ती कल्पना. मोजणी आणि वसुली येथे उभी करावी लागली.

चुलीचा प्रश्नही याच कसोटीला लावता येतो. १९०५ च्या कायद्याने वगळलेल्या चुलीकडे राज्यसंस्था खऱ्या अर्थाने वळली ती २०१६ च्या उज्ज्वला योजनेत. कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला, ही मोठीच गोष्ट आहे. पण दुसरे, तिसरे सिलिंडर घेणे ज्या घराला परवडत नाही, तेथे चूल पुन्हा पेटते. शेगडीच्या खर्चाचे सात-दशांश देणाऱ्या १९५६ च्या कायद्यातून घ्यावयाचा धडा येथे अजून शिल्लक आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमातील प्रत्येक शहराला स्वतःचा कृती आराखडा करावा लागला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा वा हैदराबाद येथील आपल्या मंडळींनी आपापल्या महापालिकेचा आराखडा मागवून तो चार प्रश्नांनिशी वाचावा. मोजणारा कोण आणि तो कोणाच्या पगारावर आहे? मुदत कोणती? गरिबाच्या वाट्याचा खर्च कोण सोसणार? आणि मुदत टळली तर कोणाचे काय बिघडणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या आराखड्यात नाही, त्यात ते घालावे असा अर्ज आपल्या नगरसेवकाकडे द्यावा. पिढ्यान्‌पिढ्या या नगरांत वसलेल्या आपल्या कुटुंबांचा तो हक्क आहे आणि कर्तव्यही.