कुंपणाआतील झुडुपे : होर्नादा कुरणाचा इतिहास

चराई थांबविली की कुरण आपोआप पूर्ववत् होते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या होर्नादा कुरणाचा इतिहास या समजुतीस बाध आणणारा आहे.

१८५८ साली तेथील सरकारी मोजणीदारांनी हद्दी आखताना गवत व झुडुपे यांच्याही नोंदी केल्या होत्या. बफिंग्टन व हर्बेल या संशोधकांनी १९६५ साली त्या नोंदींची तुलना १९६३ च्या स्थितीशी केली. सुमारे ५८,५०० हेक्टरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर पूर्वी उत्तम गवत होते. १९६३ मध्ये असे क्षेत्र २५ टक्क्यांहूनही कमी उरले होते. उरलेली भूमी झुडुपांनी व्यापली होती. त्यांत मेस्कीट प्रमुख. आपल्याकडील वेड्या बाभळीचे हे जवळचे भावंड होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली, विहिरी झाल्या आणि गुरांची संख्या वाढली. गुरांनी गवत मुळाशी खाल्ले; मेस्कीटच्या गोड शेंगा खाऊन त्यांचे बी शेणावाटे दूरवर पसरविले. वारंवारच्या अवर्षणांनी उरलेसुरले गवतही खचले.

१९१२ साली सरकारने हे कुरण संशोधनासाठी राखून ठेवले. १९३३ साली त्यातील काही भूमीस कुंपण घालून गुरांना मज्जाव करण्यात आला. तथापि १९८० च्या पाहणीत, १९३५ साली जेथे ब्लॅक ग्रामा गवत होते, त्या जागाही मेस्कीटने व्यापलेल्या आढळल्या. आणि हे कुंपणाच्या आत व बाहेर सारखेच घडले होते.

याचे कारण मातीत शोधावे लागते. अखंड गवताखाली पाणी, नत्र व सूक्ष्म जीव बऱ्याच अंशी समप्रमाणात विखुरलेले असतात. गवत विरळ झाले की उघडी माती वाऱ्याने उडून झुडुपांच्या बुडाशी साठते. तेथेच पालापाचोळा कुजतो आणि तेथेच सूक्ष्म जीव एकवटतात. मधली भूमी निःसत्त्व होते. तेथे पाणी मुरण्याचे कामही पुष्कळसे वाळवीच्या बिळांवर अवलंबून असते. वाळवी नष्ट केलेल्या प्रायोगिक तुकड्यांत झुडुपांमधील उघड्या जमिनीत पाणी कमी मुरते, असे तेथील वाळवंटी प्रदेशातील प्रयोगांत दिसून आले आहे. अशा भूमीत गवताचे बी रुजणे कठीण, तर खोल मुळांचे झुडूप मात्र फोफावते.

सारांश, कुंपण गुरांना अडविते; मातीतील बदल उलटविण्याचे सामर्थ्य त्यात नाही. म्हणून कुरणाचे रक्षण गवत शाबूत असतानाच केले पाहिजे.