शालेय ग्रंथालयातील दृश्यमांडणी : स्वरूप, प्रकार आणि प्रक्रिया

शालेय ग्रंथालयाच्या भिंतीवर, फलकावर, मेजावर किंवा कपाटाच्या दर्शनी बाजूस वाचकाचे लक्ष वेधावे या हेतूने जे लावले वा ठेवले जाते, त्यास प्रस्तुत विवेचनात ‘दृश्यमांडणी’ म्हटले आहे. भित्तिपत्रके, पुस्तकांची वेष्टने, नमुने आणि विद्यार्थ्यांचे लेखन हे तिचे घटक होत. सजावटीहून ती भिन्न आहे. सजावटीचे प्रयोजन पाहण्यात पूर्ण होते. दृश्यमांडणीचे प्रयोजन ग्रंथ हाती घेतला गेल्यावरच पूर्ण होते.

या भेदाचा आधार ग्रंथालयशास्त्रात आहे. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक लाभावा, असे सांगते. या सूत्रातूनच मुक्तद्वार पद्धतीची, म्हणजे वाचकाने स्वतः फडताळापाशी जाऊन ग्रंथ निवडण्याची, आवश्यकता निष्पन्न होते. आपल्याकडील बहुसंख्य शाळांत मात्र ग्रंथ कुलूपबंद पोलादी कपाटांत असतात. विद्यार्थ्यास कपाट दिसते, संग्रह दिसत नाही. अशा ठिकाणी दृश्यमांडणी हाच संग्रहाचा एकमेव दृश्य भाग ठरतो. म्हणून साधनांची जितकी उणीव, तितके तिचे महत्त्व अधिक.

प्रयोजनानुसार दृश्यमांडणीचे चार प्रकार संभवतात : (1) दिशादर्शक, (2) परिचयात्मक, (3) निर्मितिपर आणि (4) वातावरणपर. वर्गांक, विषयनामे व नियम दाखवणारे फलक पहिल्या प्रकारात येतात. त्यांची कसोटी अचूकता एवढीच. तिसऱ्यात विद्यार्थ्यांची भित्तिपत्रिका व पुस्तकांवरील त्यांचे अभिप्राय येतात. सहाध्यायाचा अभिप्राय विद्यार्थी ज्या उत्सुकतेने वाचतो, त्या उत्सुकतेने तो शिक्षकाची शिफारस वाचत नाही. त्यामुळे या प्रकाराकडे होणारे दुर्लक्ष अनुचित आहे. चौथ्यात सुविचार व थोरांच्या प्रतिमा मोडतात. वाचनाचे महत्त्व सांगणारे सुविचार वाचणाऱ्यासच पटतात, न वाचणाऱ्यास ते पुस्तकापर्यंत नेत नाहीत. हा प्रकार सर्वांत दुर्बळ असूनही सर्वाधिक आढळतो. तथापि प्रतिमेखाली त्या व्यक्तीचे वा तिच्यावरील पुस्तक ठेवले की तीच मांडणी दुसऱ्या प्रकारात जाते.

तो दुसरा, परिचयात्मक प्रकार सविस्तर विचारास पात्र आहे. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मानला जातो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, अखेरचा सलीम अली यांचा. या निमित्ताने पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचे भित्तिपत्रक लावणे ही केवळ पहिली पायरी होय. दुसऱ्या पायरीत त्यावर ड्यूई दशांश वर्गीकरणातील पक्ष्यांचा वर्गांक 598 आणि कपाटाचा क्रमांक लिहिला जातो. तिसरीत ‘पक्षी जाय दिगंतरा’सारखी पुस्तके त्याखालील मेजावर उभी ठेवली जातात. चौथीत ती तेथूनच घरी नेण्याची अनुमती दिली जाते. चौथी पायरी गाळल्यास आधीच्या तिन्ही व्यर्थ जातात. ‘हात लावू नये’ अशी पाटी असलेले पुस्तक-प्रदर्शन ग्रंथालयात स्वविरोधी आहे. येथे काळाचाही विचार हवा. हा सप्ताह अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. तेव्हा मांडणी सुट्टीपूर्वी करावी, म्हणजे पुस्तके सुट्टीत वाचली जातील. दिनविशेष तिथीस पाळण्यापेक्षा हे श्रेयस्कर होय.

विषयनिश्चितीनंतर स्थाननिश्चिती येते. पाचवीच्या विद्यार्थ्याची उंची सामान्यतः 135 ते 140 सेंमी. असते आणि दृष्टिरेषा त्याहून काहीशी खाली. प्रत्यक्षात भित्तिपत्रके सुमारे साडेसहा फूट उंच कपाटांच्या वर लावली जातात, कारण मोकळी भिंत तेथेच उरते. ती प्रौढांनाही नीट वाचता येत नाहीत. भिंत नसेल तर कपाटाचे दारच फलक म्हणून वापरावे; पोलादी पृष्ठावर चुंबकाने कागद उत्तम राहतो. अक्षरांबाबत देवनागरीचा विशेष ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. तिच्यातील चिन्हे शिरोरेषेच्या वर, खाली आणि अक्षराच्या पायाशी अशा तीन स्तरांत असतात. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार व खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत शिरतात, आणि बारीक अनुस्वार दुरून लोप पावतो. म्हणून ओळींतील अंतर उदार ठेवावे आणि मजकूर अल्प असावा.

द्रव्यांविषयी थोडकेच सांगणे पुरे. उन्हातील अतिनील किरणांनी रंग विटतात. संग्रहालये कागदी वस्तूंसाठी 50 लक्स इतका मंद प्रकाश पुरेसा मानतात, ते याचसाठी. म्हणून खिडकीसमोर मूळ वेष्टनाऐवजी त्याची प्रत लावावी. चिकटपट्टीचे पिवळे डाग पुस्तकावरून निघत नाहीत, आणि पिठाच्या खळीस कसर लागते.

अंतिम अवस्था विसर्जनाची असून तीच सर्वाधिक उपेक्षित आहे. नित्य दिसणारी वस्तू काही काळाने दिसेनाशी होते. वर्षभर टिकलेले भित्तिपत्रक भिंतीचाच भाग बनते. यास्तव परिचयात्मक मांडणी दोन ते तीन आठवड्यांनी उतरवावी आणि त्या अवधीत मेजावरील कोणती पुस्तके किती वेळा नेली गेली, हे देवघेव नोंदवहीवरून तपासावे. जिच्यातून एकही पुस्तक घरी गेले नाही, ती मांडणी कितीही सुंदर असली तरी पुढील वर्षी त्याच रूपात लावू नये.